साहेबाचा ‘पुअर’ आणि काकांचं उपरणं

कापसाच्या आवारात दिवसभर वावरलं की अंगाला तंतू चिकटतात. घरी जाऊन कितीही झटकले तरी दोन-चार राहतातच. किस्स्यांचंही तसंच! अमेरिकेत लढाई लागली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मी अमरावतीच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे दुभाषी म्हणून लागलो. वडील गेल्यावर शाळा सुटली होती. इंग्रजी अर्धीच आली होती, पण आई आणि दोन बहिणींचं त्या अर्ध्यावरच चालायचं.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी पालापाचोळा मिसळलेला कापूस चिमटीत धरला. “पुअर!”

मग दारातला लंगडा बैल पाहून, “पुअर!”

दुपारी उन्हानं मला भोवळ आली. साहेबांनी स्वतःच्या हातानं पाणी पाजलं आणि म्हणाले, “पुअर फेलो!”

आमचे दलाल नथ्थूकाका हसून हसून खाली बसले. “काहून रे पोरा, सायबापाशी येकच शब्द हाय काय? कापूस पुअर, बैल पुअर, अन् तूबी पुअर!”

*

हिवरखेडचे एक पाटील गाडी घेऊन आले. चाकांना चांदीच्या पट्ट्या! सारं आवार बघायला लोटलं. साहेब मात्र बैलांच्या बरगड्यांकडे बघत राहिले. “बैलांना खायला का घालत नाहीत, विचार.”

मी भीत भीत विचारलं.

“कडबा कुठून आनू?” पाटील म्हणाले. “सारं वावर कपाशीखाली गेलं. जवारी पेरलीच कोनं?”

“वा रे पाटील!” काका म्हणाले. “चाकाले चांदी अन् बैलाले उपास!”

सगळे हसले, मीही हसलो. त्या वर्षी ज्वारी कुणीच पेरली नव्हती, त्यामुळे बाजारात ती दिसेनाशी झाली होती. आमच्या घरची कणगी खरवडून झाली होती. पण पांढरी पगडी घालून साहेबाशेजारी उभं राहणाऱ्यानं हे कुणाला सांगायचं?

*

एकदा मी धीर करून साहेबांना विचारलं, हा ‘पुअर’ आला कुठून? साहेब एवढे खूश झाले की चहा गार झाला तरी बोलतच होते! शब्द मूळचा लॅटिन. ज्याच्या हातून थोडंच निपजतं, तो. जमिनीलाही म्हणत: जी थोडं पिकवते, ती पुअर. माणूस, माती, ढोरं, सगळ्यांना एकच माप.

मी हे सरकी काढणाऱ्या बायांना सांगितलं. त्यांच्यात गंगाबाई म्हणून एक होती. नवरा नाही, पदरी लेकरं, जिभेला धार.

“थोडं पिकते थो पुअर,” ती म्हणाली. “मंग ज्याले वावरच नाई, त्याले काय म्हन्ते तुहा सायेब? पूस!”

पुसलं. साहेबांनी टोपी काढली. पुन्हा घातली. मग म्हणाले, “तिला सांग, प्रश्न फार चांगला आहे.”

“उत्तर नाई ना?” गंगाबाई म्हणाली. “मले वाटलंच!”

*

पण साहेबांना तो प्रश्न लागला असावा. आठवडाभरात त्यांनी कुठून तरी ज्वारीच्या गाड्या आणवल्या. “जो पुअर असेल त्यानं पुढं यावं आणि तसं सांगावं. फुकट देऊ.”

मी आवारात उभा राहून ओरडलो. एक माणूस हलला नाही!

“गंगाबाई, तुम्ही?”

“आमी? आमी काम करून खातो, बाप्पा! गरीब तिकडं पाह्य.” तिच्या चुलीत दोन दिवस जाळ नव्हता, हे तिच्या धाकट्यानंच मला सांगितलं होतं.

आणि गाड्यांच्या सगळ्यात जवळ मी उभा होतो. मीही पगडी सारखी केली आणि दुसरीकडे पाहिलं.

नथ्थूकाका पुढे आले. “अशी दवंडी पिटून कोनी सांगते काय रे?” त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर टाकलं. आमच्याकडे कापसाचा भाव असाच ठरतो. उपरण्याखाली बोटं दाबायची. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक.

“ऐका! साऱ्याइनं हात घालाचा. घरी जितकी तोंडं, तितकी बोटं. ज्याले नको, त्यानं मूठ ठेवाची. जवारी संध्याकाळी घरपोच.”

सगळ्यांत आधी हात घातला तो चांदीच्या चाकवाल्या पाटलांनी! त्यांच्यामागे रांग लागली. गंगाबाईनंही पदर सारखा करत हात घातला.

“हा कसला सौदा चाललाय?” साहेबांनी विचारलं.

“मोठा आहे, साहेब,” मी म्हणालो.

शेवटी काकांनी माझ्याकडे पाहिलं. “दुभाषी, तुहा हात?”

मी हात घातला, पण मूठ उघडेना. वरून साहेब बघत होते. उपरण्याखाली काकांच्या खरबरीत बोटांनी माझी बोटं एक एक करून उघडली. आई, थोरली, धाकटी आणि मी.

तोंडानं मात्र काका साहेबांकडे बघून म्हणत होते, “सायबाले सांग पोरा, औंदा कापूस लय चांगला हाय!”