जेटला लावलेलं कुंकू

धुळ्यात आमच्याकडे गॅस आला, त्या वर्षी दसऱ्याला शेगडीची पूजा मीच केली. जिथून गॅस निघतो ते यंत्राचं तोंड, असं मनाशी ठरवून मी शेगडी उलटी केली आणि आतल्या दोन्ही जेटना ओल्या कुंकवाचं बोट लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटेना. सिलिंडर भरलेला, रेग्युलेटर नीट बसलेला. बायको काडीमागून काडी ओढत होती.

दारात उभी माझी माय म्हणाली, "नवी चीज शे, नि चार दिनमां बिघाडी टाकी!"

"मी काही केलं नाही हो," बायको म्हणाली.

"मंग गॅस काय रुसना का?"

मी जेट काढून पाहिले. त्यांची बारीक भोकं वाळलेल्या कुंकवानं बुजली होती. सुईनं ती मोकळी केली आणि शेगडी पेटली. काय झालं होतं, असं मायनं विचारलं. मी म्हणालो, "दूध उतू गेलेलं दिसतंय."

मायनं वर्षभर बायकोला गॅसला हात लावू दिला नाही. ती परसात चुलीवर भाकरी थापायची. ऑफिसला निघताना मी तिकडे बघायचं टाळायचो.

माय जाऊनही बरीच वर्षं झाली, पण ते माझं एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नव्हतं. परवा जेवताना मुलासुनांसमोर खरं सांगून टाकलं. सगळे हसले. बायको हसली नाही.

"हे त्या होत्या तेव्हा सांगायचं होतं," ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली.