मुलुंडच्या घरातलं इटलीचं खोरं

गिरणीत मक्याचं पीठ दळताना उठणारा गरम, गोडसर वास आला की मला मुलुंडचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. ऐंशीच्या दशकात बाबांना अंधेरीच्या कारखान्याने नवीन मशीन शिकायला महिनाभर इटलीला पाठवलं होतं. परत आल्यावर पहिल्याच रविवारी, जन्मात कधी गॅस न पेटवलेले बाबा तिथला पोलेंटा करायला उभे राहिले. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ वैरून ते घोटत राहिले. बनियन घामाने भिजलं, तरी हात थांबेना. ओट्याला टेकून आई विचारत होती आणि ते सांगत होते, आदिजे नदीचं हिरवंगार खोरं, उतारावर द्राक्षांचे मांडव, भिंतीभर चित्रं असलेलं लहानसं चर्च, दगडी पूल, आणि तिथल्या फोरमनच्या आईने अंगणात बसवून लोणी-चीज घालून वाढलेला हाच पिवळा गोळा. पहिला घास घेऊन बाबा थांबले. "तशी चव नाही आली गं." "नदी कुठून आणणार इथे?" आई म्हणाली. ताट पुसून खाल्ल्यावर तिने हळूच विचारलं, "त्या पुलावर एकटेच उभे होतात?" "हो. सारखं वाटत होतं, तू हवी होतीस." आम्हा मुलींसमोर बाबा असं पहिल्यांदाच बोलले. "जाऊ या ना मग एकदा," आई म्हणाली. आमची शिक्षणं, लग्नं, मग तिचं आजारपण आणि तिच्यामागून बाबांचंही जाणं, यात ते राहूनच गेलं. आज माझ्याकडे पासपोर्ट आहे, सवडही आहे. पण मला त्या दोघांना घेऊन जायचं होतं.