मोगऱ्याचं कोलेस्टेरॉल

तीस वर्षं मी बॉयलर सांभाळतोय. तारापूरच्या एमआयडीसीत मी कारखाने बदलले, साहेब बदलले, पण काम तेच राहिलं: पाणी बघायचं, वाफ बघायची आणि जो मधे अक्कल शिकवेल त्याला गप्प करायचं. त्यामुळे बोईसरच्या डॉक्टरबाई मला माझ्याच नळ्यांबद्दल शिकवायला लागल्या तेव्हा माझं डोकंच सटकलं.

झालं असं, की कारखान्याच्या वार्षिक तपासणीत माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. रिपोर्टात त्या आकड्याशेजारी वर जाणारा एक ठळक बाण होता. मी रिपोर्टाची घडी करून टीव्हीखाली सरकवली. बायकोने ती दुसऱ्याच दिवशी बाहेर काढली आणि मला धरून दवाखान्यात नेलं. बायको माझी दर्यावर्दी घरातली, माहेर केळव्याला. आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसून मोठी झालेली, त्यामुळे तिच्याशी घासाघीस करून आजवर कोणी जिंकलेलं नाही. मी बापडा कुठून जिंकणार.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, गोळी सुरू करू. आणि तंबाखू आजपासून बंद."

मी म्हटलं, "मॅडम, नळीत क्षार बसलाय एवढंच ना? आमच्याकडे रोजचंच आहे ते. ॲसिड फिरवलं की नळी चकाचक."

"नळीत नाही काका, नळीच्या भिंतीत," त्या म्हणाल्या. कागद ओढून त्यांनी चित्रच काढलं. "तुमची लोखंडी नळी मेलेली असते. ही जिवंत आहे. रक्तातलं जास्तीचं कोलेस्टेरॉल तिच्या भिंतीत शिरतं. मग शरीराचे रखवालदार धावत येतात, म्हणजे पांढऱ्या पेशी. ते कोलेस्टेरॉल खातात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. भिंत सुजते. एक दिवस ती सूज फुटते, तिथे रक्ताची गुठळी होते. गुठळीने हृदयाची वाट अडवली तर अटॅक, मेंदूची अडवली तर लकवा."

खाऊन फुगून जागच्या जागी पडलेले रखवालदार म्हटल्यावर मला आमच्या गेटवरचे दोघे आठवले आणि हसू फुटलं. बायकोने चिमटा काढला.

"पण सूज आली तर दुखेल की नाही? मला कुठे काय दुखतंय?"

"ही सूज दुखत नाही, हीच पंचाईत आहे," बाई म्हणाल्या आणि मला तोंड उघडायला लावलं. हिरड्यांतून रक्त येतं का, ब्रश केव्हा बदलला, सगळं विचारलं. सुजलेल्या हिरड्या आणि तंबाखू आतल्या सुजेला खतपाणी घालतात म्हणे. नळ्यांसाठी आलेल्या माणसाचे या बाई बाजारातल्या बैलासारखे दात बघत होत्या. माझं मत तिथेच झालं: शिकलेली आहे, पण बॉयलर बघितलेला नाही.

घरी येऊन मी माझ्या पद्धतीने नळ्या साफ करायला घेतल्या. सकाळी अनशापोटी लिंबू, वर चार पाकळ्या लसूण आणि त्याच्यावर व्हिनेगर. तिसऱ्या दिवशी पोटात असा जाळ उठला की मी ओट्याला धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, "तुमचं लोणचं घालायचं हाय काय?" आणि बाटली घेऊन खिडक्यांच्या काचा पुसायला गेली. मग मी निमूटपणे गोळी घ्यायला लागलो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं होतं. आता, बॉयलर इन्स्पेक्टर येणार असला की आम्ही काय करतो? पंधरा दिवस आधीपासून घासपूस, रंगरंगोटी, गळणारे व्हॉल्व्ह बदलणं. मीही तसंच केलं. पंधरा दिवस तळलेलं बंद, नारळ बंद, तंबाखूची डबी कपाटावर. रोज शेजारच्या सरावली गावाच्या टोकापर्यंत चालून यायचं. रिपोर्ट आला. बाण गायब. मी तो रिपोर्ट शेजारच्या तीन घरांत दाखवून आलो, कपाटावरची डबी खाली काढली आणि रात्रीच्या जेवणाला बोंबील तळायला लावले.

आणि मनाशी ठरवून टाकलं: इन्स्पेक्शन पास, आता गोळी कशाला?

पण बायको रोज सकाळी स्वतःच्या हाताने गोळी द्यायची. पाणी प्यायलेलं बघायची. मग मी गोळी गालात ठेवून पाणी प्यायचो, "फुलं आली का बघतो" म्हणत गॅलरीत जायचो आणि बोटाने गोळी मोगऱ्याच्या कुंडीत दाबायचो. चार महिने हा उद्योग केला. मोगरा काय तरारला म्हणून सांगू. पालघर जिल्ह्यात त्याच्याइतकं उत्तम कोलेस्टेरॉल कुणाचं नसेल. बायको फुलं माळून म्हणायची, "तुमचा हात लागला की झाड खूश होतं." मी मान डोलवायचो. लाज वाटत नव्हती, खरं सांगतो. उलट मजा वाटत होती.

मला सोंगं आणायची खोड लहानपणापासूनची. सासरी तर माझी ख्यातीच आहे. एकदा पंगतीत घशात काटा अडकल्याचं असं सोंग वठवलं, की सासूबाईंनी कोरड्या भाताचे सहा गोळे भरवले आणि देवाला नारळ बोलल्या. पण खरी फर्माईश असते दारुड्याची. मी स्वतः थेंबाला शिवत नाही, म्हणूनच बहुधा तो झोकात जमतो. जीभ जड करायची, ओठ एका बाजूला सोडायचे. पोरंटोरं लोळतात.

तर त्या रविवारी आम्ही केळव्याला मेव्हण्याकडे जेवायला होतो. सुपारीच्या बागेत सावलीला पंगत बसलेली. माझ्यासमोर चार तळलेले बोंबील, पाचवा हातात. मला म्हणायचं होतं, "अजून भात आण गं." डोक्यात वाक्य अगदी सरळ होतं. तोंडातून मात्र लगदा बाहेर आला.

पंगत हसली. नात टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा, अजून!"

मी म्हणायला गेलो, "गंमत नाही करत." त्याचाही लगदा झाला. हसू दुप्पट झालं. मेव्हणा म्हणाला, "आज रंगात हाय मानूस." मला एकदा बॉयलरची पाणी बघायची काच फुटून वाफ तोंडावर आली होती. तेव्हा वाटली नव्हती इतकी भीती मला त्या हसणाऱ्या पंगतीत वाटली. मी आत पूर्ण जागा होतो आणि कोणाला काही सांगू शकत नव्हतो. ज्यांना सांगत होतो ते दाद देत होते.

तेवढ्यात उजव्या हातातला बोंबील ताटाबाहेर पडला. मांजराने येऊन तो नेला.

बायको भाताचं पातेलं घेऊन येत होती. तिने ते खाली ठेवलं. "हसू नका," ती म्हणाली. "हे नाटक करत नाय. बोंबील पडला नि यांनी बघितला पण नाय."

पुढचं सगळं तिने केलं. मेव्हण्याचा मासळीचा टेम्पो दारातच होता. तिने मला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी चेपून बसली आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तो हात माझा आहे असं मला वाटत नव्हतं. गाडीभर सुकटीचा वास. अर्धा रस्ता सरला असेल, जीभ हळूहळू हलकी झाली. मी बोलून बघितलं.

"माझा बोंबील मांजराने खाल्ला ना?"

शब्द सरळ आले. बायको ढसाढसा रडायला लागली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिला असं रडताना मी तिची आई गेली तेव्हा एकदाच बघितलं होतं. मी म्हटलं, बरा झालो, गाडी फिरव. मेव्हण्याने तिच्याकडे बघितलं आणि गाडी पालघरलाच नेली. हॉस्पिटलात दोन दिवस ठेवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, गुठळी मेंदूत जाऊन अडकली आणि सुटली. नशीब जोरावर होतं. पुढची सुटेलच असं नाही. मानेतली शीर बघितली तर भिंतीला सूज, डॉक्टरबाईंनी चित्रात काढलेली तशीच्या तशी.

घरी सोडल्यावर आम्ही पुन्हा बोईसरच्या बाईंसमोर बसलो. त्यांनी विचारलं, "गोळी चालू होती ना?"

"रोज माझ्या हातानी देते," बायको म्हणाली.

मी पंख्याकडे बघत होतो. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण रविवारी याच तोंडाने मला दगा दिला होता. म्हटलं, "मोगऱ्याला देत होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, क्षार बसू नये म्हणून बॉयलरच्या पाण्यात केमिकल घालता?"

"रोज. एक दिवस चुकवत नाही."

"आणि इन्स्पेक्टर पास करून गेला की बंद करता?"

"छे, बंद कसं करणार? तो पास होतोच मुळी त्या..." एवढं बोललो आणि थांबलो. तीस वर्षांत बॉयलरवरून मला कोणी गप्प केलं नव्हतं.

"तेच," बाई म्हणाल्या. "तुमचं लिव्हर रोज कोलेस्टेरॉल बनवतं. बनवायलाच हवं, शरीराला ते लागतं, मेंदूला तर खूपच लागतं. जास्तीचं आवरायचं काम गोळीचं, आणि भिंतीची सूजही ती उतरवते. आता सोबत रक्त पातळ करायची गोळीही लागेल. एक दिवस चुकवायचं नाही." मग त्यांनी बायकोला लकव्याचा झटका ओळखायला शिकवलं: हसायला लावायचं, दोन्ही हात वर करायला लावायचे, एक वाक्य बोलायला लावायचं.

घरी आल्यावर बायकोने गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि मोगऱ्याची कुंडी पालथी केली. गोळ्या बहुतेक विरघळलेल्या होत्या. मुळांत चारदोन पांढरे तुकडे तेवढे दिसले. ते तिने वेचून हातावर घेतले.

"मी फुलं माळत होते," ती म्हणाली. "नि तुमी गालात हसत होते."

मी मान खाली घातली.

"मला एक सांगा. पुढल्या वेळी मी कशी ओळखू? दर वेळी हातात बोंबील असंल काय?"

तिने मोगरा परत लावला, तुकडे कचऱ्यात टाकले आणि कायदा केला. दारुडा बंद. काटा अडकणं बंद. तंबाखूची डबी नाल्यात गेली. रोज सकाळी तिच्यासमोर गोळ्या गिळून जीभ वर करून दाखवायची. मग हसायचं, हात वर करायचे आणि एक वाक्य बोलायचं. नात दारुडा मागते तेव्हा मी सांगतो, तो रिटायर झाला.

वाक्य मात्र माझ्या मर्जीचं. त्यात मी जमेल तेवढा वात्रटपणा करतो. कधी मॅनेजर साहेबांच्या आवाजात तिची रजा नामंजूर करतो, कधी डॉक्टरबाईंच्या आवाजात मांजराला बोंबील बंद करायला सांगतो. ती चेहरा कोरा ठेवून ऐकते. शब्द ऐकत नाही, ते नीट निघतात का तेवढंच ऐकते.

मागच्या आठवड्यात काही सुचेना. हसून झालं, हात वर करून झाले, चहा निवत चालला. ती समोर उभी, नुकती न्हालेली, केसांना पंचा गुंडाळलेला. मी जे दिसत होतं तेच बोललो.

"तू आज छान दिसतेस."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. कप खाली ठेवून ती म्हणाली, "अवो, हात वर करा बघू परत."

बत्तीस वर्षांत मी हे तिला कधी म्हटलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. एरवी मी अशी संधी सोडली नसती. एक हात मुद्दाम खाली सोडला असता. पण मी दोन्ही हात वर केले, सरळ छताकडे, आणि तिचं बघून होईपर्यंत तसेच धरून ठेवले.

"आता परत बोला," ती म्हणाली.

मी परत बोललो, एक एक अक्षर सुटं करून.