तिची सात पुटं, माझी चार

पावसाळ्याआधीच्या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. गेली बावीस वर्षं आगोटीची यादी मी करते आणि कामं मी व माझी शेजारीण मिळून करतो. पापड, सांडगे, सुकी मासळी, आमसुलं. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात कधी जायचं, कुठलं वाळवण कोणाच्या खळ्यात घालायचं, सगळं यादीत असतं. गेल्या वर्षी यादी घेऊन गेले तर ती म्हणाली, "आमसुलं काट गो त्यातनं. माझी होतायत."

"कोणाबरोबर?"

तिने परसातल्या विहिरीकडे बोट केलं.

विहीर जांभ्याची, आत उतरायला पायऱ्या. मे महिन्यात चार-पाच दिवस असे येतात की भरदुपारी आपली सावली पायाखाली जाते आणि ऊन थेट विहिरीच्या तळाला टेकतं. तेवढ्या अर्ध्या तासात त्या पायऱ्यांवरून एक बाई वर येत होती. नऊवारी, ठसठशीत कुंकू, कमरेवर तांब्याची कळशी. याच जागेत राहणारी, पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी. तिच्याकडे पुण्यात अजून पेशवाई होती. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते. कशी येते ते मी विचारलं नाही. कधी येते ते मात्र टिपून ठेवलं: बारा वीस ते बारा पन्नास. ऊन तळावरून सरकायच्या आत तिला परतावं लागे.

दोघी मागच्या पडवीत बसून कोकमाच्या साली मीठ घातलेल्या रसात बुडवत आणि उन्हात पसरत. एकदा बुडवून वाळवलं की एक पूट. कोपरापर्यंत लाल हात आणि सारखं खिदळणं. माझ्यासमोर शेजारीण अशी कधी हसली नव्हती. एकदा त्या बाईने बरणीतलं माझं आमसूल तोंडात टाकलं.

"पुटं किती दिली गो ह्याला?"

"चार," मी म्हटलं.

"चार? आमच्याकडे सातांशिवाय बरणीत नाही भरत. चाराचं म्हशीपुढे टाकतात."

आणि माझी शेजारीण हसली. बावीस वर्षं तीच आमसुलं खाल्लेली बाई.

तिसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "ती मला बोलावतेय. वर्षभर राहून ये म्हणते. मुलं मुंबईत, मालक गेले. इथे मला कोण आहे?" मी तेव्हा तिच्याच पडवीत, तिच्याच विळीवर कोकमं चिरत बसले होते.

शेवटच्या दिवशी मी बारा पंधराला तिच्या गोठ्यातले माडाच्या झावळ्यांचे दोन मोठे झाप ओढत आणले आणि विहिरीवर टाकले. पाचोळा पडतो, हे कारण तयार ठेवलं होतं. ऊन तळाला पोचणार नाही, बाई वर येणार नाही आणि शेजारीण कुठे जाणार नाही. पण मी घड्याळावर विसंबले. त्या दिवशी ऊन जरा आधीच तळाला टेकलं होतं आणि बाई केव्हाच येऊन स्वयंपाकघरात बसली होती.

दोघी बाहेर आल्या. शेजारणीच्या हातात बोचकं. झाप बघून त्या बाईचा चेहराच उतरला. "माझी पोर दाराशी बसली असेल गो. आता पुढल्या वैशाखापर्यंत कोण तिचं?"

हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. मीच आधी झापाला हात घातला, मग तिघींनी मिळून ओढले. बारा सत्तेचाळीसला ऊन पुन्हा पाण्यावर पडलं. बाई धावतच खाली गेली. शेजारणीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"तू टाकलेस?"

"होय."

"कशाला?"

"तू जाशील म्हणून."

खालून हाक आली, "येतेस काय गो?"

तिने पाय मागे घेतला. मग ओरडून म्हणाली, "पुढल्या वर्षी बघू. हिचे सांडगे राहिलेत!"

ऊन सरकल्यावर ती तिथेच पायरीवर बसून रडली. मी लेकीच्या बाळंतपणाला चार महिने पुण्याला होते, तेव्हा हिने मला एकच फोन केला होता. दुसऱ्या दिवशी सांडगे घालायला आली, पण दुपारपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली.

परवा यंदाची यादी केली. आमसुलांपुढे पाच पुटं लिहिली आहेत. सात लिहायला अजून हात वळत नाही.