फॉर्ममध्ये दार आहे

"घराच्या दाराची कडी स्वतः काढता येते का?" मॅडमनी कागदावरून वाचलं.

"दार न्हाई," मी म्हणालो. म्हणजे, म्हणायचा प्रयत्न केला. लकव्यानं तोंड एका बाजूला ओढलेलं. आधी लाळ बाहेर यायची, मग शब्द.

नगरच्या व्यायामोपचार केंद्रात पेशंटला भान किती, ते मोजणारी एक नवी तपासणी अजमावून बघत होते. दवाखान्यातून सुटून आलेल्या प्रत्येक पेशंटला तेच प्रश्न. सकाळी एक मॅडम विचारणार, दुपारी दुसऱ्या. दोघींचे गुण जुळले की तपासणी पक्की.

मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींना घेऊन आले.

"सर, हे म्हणतायत घराला दारच नाही," मॅडम म्हणाल्या.

हशा.

बायको पुढं झाली. "साहेब, आमी शिंगणापूरचे. आमच्याकडं चौकट असती, दार नसतं."

"ताई, फॉर्ममध्ये दार आहे. सगळ्यांना सारखंच," डॉक्टर म्हणाले. मग माझ्यावरून पलीकडे बघत, "भान नाही, लिहा. बोलण्याचे व्यायाम यांच्यावर वाया घालवू नका."

मी तिथंच खाटेवर होतो. माझ्या मते तरी होतो.

आणि मी हसलो. त्यांच्याबरोबर. अर्ध्या तोंडानं. भावकीतल्या लग्नात मी गोष्ट सांगायला लागलो की पंगत खोळंबायची. त्या माणसाचं एवढंच उरलं होतं. ते हसू मला सोडत नाही. दाढी करताना आरशात येतं. घास उचलला की घासाआधी येतं.

दुपारी दुसऱ्या मॅडम आल्या. तोच प्रश्न. बायको कानाशी लागली, "अवो, येतं म्हणा की! बोलाया तरी शिकवतील."

तिचं बरोबर होतं. एक 'हो', की मी शहाणा. पण सकाळचा हशा खाटेभोवती तसाच उभा होता. स्वतःचं घर खोटं पाडून मिळणारं शहाणपण मला नको झालं.

"दार न्हाई," मी म्हणालो. "भान हाय. दोनी लिवा."

त्यांनी पहिलंच धरलं. दोघींचे गुण जुळले. डॉक्टर खूश. तपासणी पास, मी नापास. व्यायाम बंद.

आता घरी एकटाच बोलतो. 'म' म्हणताना ओठ मिटत नाहीत. पुन्हा म्हणतो. येणारेजाणारे म्हणतात, गड्याचं डोकं फिरलंय. फिरू दे.

पुढच्या खेपेला दाखवायला गेलो की डॉक्टर पुन्हा बायकोलाच विचारतील, "कसे आहेत हे?" तेव्हा मध्येच तोडायचंय. लाळ गळली तरी.

"मला विचारा."

ते नीट येईस्तोवर दुसरं काही बोलायचं नाही.