चौदा पॉइंट दोन

नाना गेल्याचं मला शोकसभेच्या चिठ्ठीवरून कळलं. सभेत आमचे निवृत्त साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "नानांचं माप म्हणजे माप. सुताचा फरक नाही." याच माणसानं अठ्ठ्याहत्तर साली नानांच्या हातून मापाची काठी काढून घेतली होती. माणसाला काही लाज असते की नाही...

नाना आमच्या सरकारी खात्यात घोडे मोजायचे, मी तिथे कारकून. घोड्याची उंची हँडमध्ये लिहायची पद्धत. एक हँड म्हणजे चार इंच. नाना इंच मोजायचे, बोटांवर चार-चारचे हँड करायचे आणि उरलेले इंच टिंबापुढे मांडायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. "भाऊ, टिंबापुढं चार कधी येत नाय. चार झाले की हँड भरला." मी चुकलो की हसत स्वतःच खोडून दुरुस्त करायचे.

एकदा खरेदीची घोडी अठ्ठावन्न इंच भरली. नानांनी १४.२ लिहून पुढे 'पास' केलं. साहेबांनी चौदा पॉइंट दोनला सरळ चारनं गुणलं, आले छप्पन पॉइंट आठ. नियम किमान सत्तावन्नचा. झालं, नानांनी विकणाऱ्याशी संगनमत करून बुटकी घोडी खपवली म्हणे. "साहेब, ते दोन म्हणजे दोन इंच हायेत," नाना सांगत राहिले. चौथी पास माणसानं हिशोब शिकवायचा, हे साहेबांना कसं सोसणार? तबेल्यापर्यंत जाऊन पुन्हा मोजायचेही कष्ट घेतले नाहीत. नानांना त्या दिवसापुरतं घरी पाठवलं आणि मग मला आत बोलावून विचारलं. बढतीची यादी त्यांच्या टेबलावर होती. मी म्हटलं, "साहेब, तुमचंच बरोबर आहे."

थू माझ्या जिण्यावर.

नाना गवताच्या गोदामात गेले, ते निवृत्तीपर्यंत तिथेच. घोडा पुन्हा मोजला नाही.

परवा ओझरला त्यांच्या घरी गेलो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं नातवंडांची उंची लिहिलेली, हँडमध्येच. ९.१, ११.३... वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हनायचे, साहेबानं भाऊला इचारलं असतं तर निभावलं असतं. भाऊला सगळं येतं."

मी चहा प्यायलो. वर दोन बिस्किटंही खाल्ली. मला विचारलं होतं, हे तेव्हाही तोंडातून निघालं नाही. आज इथे लिहितोय, तेही वाचायला नाना नाहीत म्हणून.