गडग्याच्या अलीकडचा माड

समस्त कलारसिकांना, आणि विशेषेकरून माझ्या सासुरवाडीला, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, निसर्गचित्रकाराने शस्त्रं खाली ठेवली असून येत्या एक तारखेपासून तो अंधेरीच्या एका कारखान्यात औषधांच्या खोक्यांवर तुटक रेषा मारायला बसणार आहे.

ही घोषणा मी मुलुंडच्या आमच्या दीड खोलीत, आरशासमोर उभा राहून, हातवाऱ्यांसकट पाठ केली होती. नोकरी मेहुण्याने बघून दिली होती. खोकं कुठे कापायचं आणि कुठे दुमडायचं ते तुटक रेषांनी दाखवायचं, बस्स, एवढंच काम, आणि तेही निवृत्तीपर्यंत. बायको शाळेत शिकवायची आणि घर तिच्यावरच चालायचं, त्यामुळे वाद घालायला मला तोंड नव्हतं. तरी तिने एक सवलत दिली. एक तारखेच्या आत एक चित्र विकून दाखवायचं. घेणारा नातेवाईक नको, तिच्या शाळेतला नको, दया म्हणून घेणारा तर मुळीच नको. विकलं गेलं, तर भावाला नकार ती स्वतः कळवणार होती.

हातात अठरा दिवस होते आणि घरात चाळीस चित्रं.

चित्रं म्हणाल तर विक्रोळीची खाडी, तिथली तिवरं, मुलुंडमागचा डोंगर, दिंडोशीच्या नव्या इमारतींच्या पायात सापडलेलं गवत. जागेवर जाऊन, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झाडाचं एक पान रंगवणार नाही, असा माझा बाणा होता आणि तो मी न विचारता कोणालाही सांगायचो.

बायको म्हणायची, "अहो, लोक त्या खाडीवरून जाताना नाकाला रुमाल लावतात. तुम्ही ती त्यांना दिवाणखान्यात लावायला सांगताय."

तिचं चूक नव्हतं. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि घराघरात एक तरी माणूस रिकामा बसून होता. घाटकोपरच्या एका फ्रेमवाल्याने माझी दोन चित्रं दुकानात टांगली होती, पण ती भिंतीचे पोपडे झाकायला. त्याच्याकडे येणारे लोक एक तर देव घेऊन यायचे, नाहीतर वारलेले वडील.

त्याच फ्रेमवाल्याने एके दिवशी मला निरोप धाडला. त्याच्याकडे एक गृहस्थ आले होते, विक्रोळीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर, राहायला कंपनीच्याच वसाहतीत. त्यांना कॅलेंडरवरचं कुठल्या तरी बर्फाळ देशातलं घर चौकटीत बसवून हवं होतं, त्यांच्या वडिलांना पलंगावरून बघायला. वडिलांनी उभं आयुष्य गिरणीत मागावर काढलेलं. आता कमरेचं हाड मोडून पडले होते आणि शिमग्याला कोकणात गावच्या घरी न्या म्हणून हटून बसले होते. डॉक्टर नाही म्हणाले, मुलगा नाही म्हणाला, गोरेगावात राहणारा धाकटा भाऊ नाही म्हणाला. त्यावर म्हाताऱ्यांनी बोलण्याचा संप पुकारला. जेवायचे, बिडी ओढायचे, पेपर वाचायचे, पण कोणाशी शब्द नाही. दीड महिना झाला होता. पहिला संप कोणी मिटवला नाही, निदान हा तरी आपल्या अटींवर मिटावा, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

फ्रेमवाला म्हणाला, बर्फातलं घर कशाला, हे तुमचंच घर काढून देतील. मी बाण्याबद्दल चार शब्द बोलणार होतो. पण तोंडातून निघालं, "कधीपर्यंत हवंय?"

स्टोअरकीपर सरळ माणूस होता. अट त्याने तिथेच घातली. "बाबा हो म्हणाले तर घेतो. नाहीतर माफ करा."

"पण ते तर बोलत नाहीत ना?"

"हां, तोच तर प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला.

घराचा फोटो एकच होता. त्यात सगळं कुटुंब घरासमोर असं ओळीने उभं होतं की मागे एक खांब आणि अर्धी खिडकी तेवढी दिसत होती. मी म्हटलं, गावी जाऊन बघून येतो. तर म्हणे नको, परका माणूस गेला आणि आपल्याला नेलं नाही, हे कळलं तर बाबा जेवणही सोडतील. मग राहिल्या फक्त आठवणी. पण त्या कोणाच्या? स्टोअरकीपर मुंबईतच वाढलेला, गावी जायचा तो मे महिन्यात. त्याच्या आठवणीतलं अंगण एवढं मोठं की त्यात दोन बाजूंनी क्रिकेटचे सामने चालावेत. मी निमूट तसंच काढलं.

चौथ्या दिवशी ओलं चित्र दोन हातांत धरून मी बसने विक्रोळीला गेलो. एक कोपरा सदऱ्याला पुसला गेला, म्हणून पुढे आठवडाभर तोच सदरा घालून हिंडलो. चित्रकार दिसतो, तेवढाच फायदा. वसाहतीतल्या त्या खोलीत म्हातारे भिंतीकडे तोंड करून पडलेले. शेजारी खुर्चीवर गोरेगावहून आलेले त्यांचे धाकटे बंधू, म्हणजे स्टोअरकीपरचे काका. चित्रात दोन भावांच्या जमिनींमधला, दगडांवर दगड रचलेला गडगा मी सांगितल्याप्रमाणे काढला होता आणि त्याच्या अलीकडे, घराच्या बाजूला, एक माड उभा केला होता. काकांनी तो पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"ह्यो माड माझो. ह्यो हयसर खयंसून इलो?"

"काका, चित्र आहे ते. सातबारा नाही," पुतण्या म्हणाला.

"आज चित्र, उद्या सातबारो," काका म्हणाले.

मी माड गडग्यापलीकडे नेला. नेला म्हणजे अलीकडचा आभाळाने बुजवला आणि पलीकडे नवा लावला. तो सुकतो न सुकतो तोच स्टोअरकीपर मुलुंडला हजर. माड बाबांनी स्वतः लावलाय, तो पलीकडे दिसला तर बाबा आयुष्यात बोलायचे नाहीत. मी माड परत आणला. काकांनी निरोप पाठवला की असं असेल तर आपण यापुढे विक्रोळीची पायरी चढणार नाही. मग मी शहाणपणा केला आणि माडच काढून टाकला. दोघेही एकत्र येऊन माझ्यावर उखडले. माडाशिवाय घर? हे कोकण आहे की सोलापूर?

या चित्रातल्या माडाचे नारळ कोण उतरवणार होतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. पण तेव्हा हसायला येत नव्हतं. दिवस संपत चालले होते आणि माझ्याने एका जागी बसवत नव्हतं. उभ्याने जेवायचो. दोन खेपा खाली जाऊन यायचो, कशाला ते जिन्यातच विसरायचो. पोळीवरचे डागसुद्धा मला तुटक रेषेत दिसायला लागले. बायको वह्या तपासताना मधेच मान वर करून चित्राकडे बघायची, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती. कधी न पाहिलेल्या त्या घराच्या ओसरीवर मी उन्हाचा एक पट्टा टाकला होता आणि तो खाडीवर टाकलेल्या कुठल्याही उन्हापेक्षा चांगला जमला होता.

शेवटचे दोन दिवस उरले. माड मी पुन्हा अलीकडे, गडग्याला अगदी खेटून उभा केला आणि त्याच्यापुढे हात जोडले. अंगणाला हात लावायची सोय नव्हती. सबंध चित्रात ज्याबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता अशी एकच गोष्ट शिल्लक होती, घराचं छप्पर. हातांना काहीतरी काम हवंच होतं. बारीक ब्रश घेऊन मी एकेक कौल रंगवलं. लालभडक, सरळ ओळीत, एक फुटलेलं नाही, एक सरकलेलं नाही. असं नीटस छप्पर मी कोणत्याही खऱ्या घरावर पाहिलं नव्हतं.

महिनाअखेर रविवारी आली. दुपारी मी चित्र घेऊन विक्रोळीला पोचलो. स्टोअरकीपरने पलंगासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला होता. काका पायरी न चढण्याचं विसरून आलेच होते. चित्र टांगलं. काकांनी माड पाहिला, गडगा पाहिला, आणि मी खेटून उभ्या केलेल्या त्या माडाची सावली कोणाच्या हद्दीत पडते याचा विचार करायला लागले.

स्टोअरकीपर वैतागला. तो म्हणाला की माडाचं राहू द्या, दोन पावसाळे घराची कौलं शाकारली नाहीत, त्याचं बोला. काका म्हणाले, किल्ली कोणाकडे आहे? किल्ली पुतण्याकडे होती, पण मागची पडवी काकांच्या वाटणीची होती आणि सगळ्यांत आधी तीच बसली होती. मग पडवीवरून भिंतीवर, भिंतीवरून वाशांवर, आणि वाशांवरून, कोणाच्या आईला कोणी शेवटच्या दिवसांत बघितलं, इथपर्यंत दोघे पोचले. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी दाराशी चपला घालाव्यात की घालू नयेत या विचारात उभा.

तेवढ्यात पलंग करकरला. म्हातारे भिंतीकडून इकडे वळले होते. त्यांनी हात पुढे केला. सुनेने चष्मा दिला. दोघे भांडण सोडून पलंगाकडे सरकले. म्हाताऱ्यांनी चित्र पाहिलं. माडाकडे त्यांची नजर गेली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचं बोट हवेत उठलं आणि छपरावरून हळूहळू, ओळीओळीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत गेलं. एक ओळ संपली की दुसरी. बोट शेवटच्या कौलावर थांबलं. मग त्यांनी भावाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या घशातून आवाज निघाला, घोगरा, पण शेजारच्या ब्लॉकात ऐकू जाईल इतका खणखणीत.

"ह्यां आमचां घर न्हय. आमचां गळतां. ह्यां रवांदे हयसरच."

चित्र खिळ्यावरच राहिलं आणि स्टोअरकीपरने पाकीट काढलं.